कोलोसियम आणि शेजारची जागा

रोम शहराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या कोलोसियममध्ये आज परदेशातून आलेले पती-पत्नी एकाच दरवाजाने आत शिरतात, एकाच कठड्याशी शेजारी शेजारी उभे राहून खालचे रिंगण न्याहाळतात आणि बरोबरच बाहेर पडतात. हे सारे इतके स्वाभाविक वाटते की तो इतिहासाचा विषय होऊ शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ही वास्तू ज्या कामासाठी बांधली गेली त्या कामासाठी ती वापरात होती, तेव्हा रोममधील सामान्य विवाहित जोडप्याला तेथे एकत्र बसण्याची मुभा नव्हती. पतीची जागा त्याच्या सामाजिक दर्जाप्रमाणे खालच्या किंवा मधल्या पायऱ्यांवर ठरलेली असे, तर पत्नीला सर्वांत वरच्या पायऱ्यांवर, इतर स्त्रियांमध्ये जाऊन बसावे लागे. म्हणून कोलोसियमचा इतिहास हा तेथे काय दाखवले गेले याचा जितका आहे, तितकाच तेथे कोणी कोठून आणि कोणाच्या शेजारी बसून पाहिले याचाही आहे.

या वास्तूचे मूळ नाव कोलोसियम नव्हते. व्हेस्पेशियन, टायटस आणि डोमिशियन हे पिता-पुत्र ज्या फ्लेव्हियन घराण्याचे सम्राट होते, त्या घराण्याच्या नावावरून तिला ‘फ्लेव्हियन अँफिथिएटर’ म्हणत. अँफिथिएटर हा शब्द ग्रीक असून ज्या जागेत प्रेक्षक सर्व बाजूंनी बसून मध्यभागी पाहतात, ती जागा असा त्याचा अर्थ आहे. ग्रीक नाट्यगृह अर्धवर्तुळाकार असे, तर अँफिथिएटर चारही बाजूंनी बंदिस्त आणि लंबवर्तुळाकार असते. मधल्या रिंगणाला ‘अरेना’ म्हणतात, आणि या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘वाळू’ असा आहे, कारण सांडलेले रक्त शोषले जावे आणि लढणाऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून रिंगणाच्या लाकडी तक्तपोशीवर वाळू पसरलेली असे. ‘कोलोसियम’ हे नाव मध्ययुगात रूढ झाले आणि ते जवळच उभ्या असलेल्या सम्राट नीरोच्या प्रचंड कांस्यपुतळ्यावरून, म्हणजे ‘कोलोसस’वरून आले, असे सामान्यतः मानले जाते.

या जागेचा नीरोशी संबंध पुतळ्यापुरता मर्यादित नाही. इ.स. ६४ मध्ये रोमला मोठी आग लागली, शहराचे अनेक भाग बेचिराख झाले आणि त्यानंतर नीरोने शहराच्या मधोमध ‘डोमस ऑरिआ’, म्हणजे सुवर्णप्रासाद, या नावाचा विस्तीर्ण राजवाडा उभारला. पॅलाटाइन, सीलिअन आणि एस्क्विलाइन या टेकड्यांमधील सखल भागात त्याने एक कृत्रिम तलाव करवून घेतला होता. इ.स. ६८ मध्ये नीरोचा अंत झाला, पुढच्या एका वर्षात चार सम्राट गादीवर आले आणि अखेर व्हेस्पेशियनची सत्ता स्थिरावली. त्याने तलाव आटवून नेमक्या त्याच जागी लोकांसाठी अँफिथिएटर बांधण्यास घेतले. सम्राटाने स्वतःच्या सुखासाठी बळकावलेली भूमी नगराला परत मिळाली, हा या निर्णयामागचा राजकीय अर्थ रोमच्या नागरिकांना सहज उमजणारा होता.

बांधकामाचा पैसा कोठून आला, याचे उत्तर एका दगडाने दिले आहे. कोलोसियममध्ये सापडलेल्या एका शिळेवर पाचव्या शतकातील लेख कोरलेला आहे. परंतु त्याच शिळेवर त्याआधीच्या एका लेखाची कांस्य अक्षरे बसवण्यासाठी पाडलेली छिद्रेही शिल्लक आहेत. अक्षरे नाहीशी झाली होती, तरी छिद्रांच्या मांडणीवरून गेझा अल्फोल्डी या अभ्यासकाने १९९५ मध्ये मूळ लेख जुळवला, आणि त्यानुसार ही वास्तू युद्धातील लुटीच्या द्रव्यातून उभी राहिली. इ.स. ७० मध्ये टायटसने जेरुसलेम जिंकून तेथील मंदिर उद्ध्वस्त केले होते, आणि लेखातील लूट ती हीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमच्या लोकांना मिळालेल्या या देणगीची किंमत दुसऱ्या एका लोकसमूहाने मोजली होती, हे येथे विसरता येत नाही.

वास्तूची लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी सुमारे १५६ मीटर आणि उंची जवळजवळ ५० मीटर आहे. मुख्य खांब आणि बाहेरची भिंत तिवोलीजवळच्या खाणींतून आणलेल्या ट्रॅव्हर्टाइन या फिकट रंगाच्या चुनखडी दगडाची आहे. आतल्या भिंतींसाठी टफ नावाचा हलका ज्वालामुखीय दगड व विटा वापरल्या आहेत, आणि वरच्या कमानदार छतांसाठी चुना, ज्वालामुखीची राख व दगडांचे तुकडे एकत्र करून केलेले रोमन काँक्रीट वापरले आहे. ट्रॅव्हर्टाइनचे चिरे एकमेकांशी चुन्याने सांधलेले नव्हते, तर लोखंडी आकड्यांनी जखडलेले होते. बाहेरच्या भिंतीवर एकावर एक अशा कमानींच्या तीन रांगा असून त्यांच्यावर चौथा, लहान खिडक्यांचा मजला आहे. त्याच्या माथ्याजवळ बाहेर आलेल्या दगडी घोड्यांवर उंच लाकडी डोलकाठ्या टेकवून उन्हापासून संरक्षणासाठी शिडाच्या कापडाचे छत ताणले जात असे, आणि ते हाताळण्याचे काम आरमारातील खलाशांकडे असे.

तळमजल्यावर ८० कमानी होत्या. त्यांपैकी मुख्य अक्षांवरील चार सोडून उरलेल्या ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते, आणि उत्तरेकडील शिल्लक भिंतीवर २३ ते ५४ हे क्रमांक रोमन अंकांत आजही वाचता येतात. या क्रमांकाच्या आधारे प्रेक्षक आपल्या कमानीतून आत येई, तिथून ठरलेल्या जिन्याने ठरलेल्या मजल्यावर जाई आणि ‘व्हॉमिटोरियम’ या नावाच्या, गर्दी आत-बाहेर सोडणाऱ्या बोळातून थेट आपल्या पायऱ्यांपाशी निघे. चौथ्या शतकातील एका यादीत ८७,००० आसनांचा उल्लेख आहे, तर आधुनिक अभ्यासकांचे अंदाज सामान्यतः ५०,००० पासून पुढे आहेत. एवढा जनसमुदाय गोंधळ न होता हलवणारी ही योजना स्थापत्यातील मोठी सिद्धी होती. मात्र तिच्यामुळे आणखी एक गोष्ट साधली जाई. वेगवेगळ्या दर्जाच्या प्रेक्षकांचे जिने आणि बोळ मुळातच वेगळे असल्यामुळे त्यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे प्रसंग थोडे येत.

या विभागणीमागे कायदा होता आणि तो कोलोसियमपेक्षा जुना होता. पहिला सम्राट ऑगस्टस याने केलेले नियम चरित्रकार स्वेटोनियस याने नोंदवले आहेत. पुटिओली येथील खेळांच्या वेळी भरगच्च प्रेक्षागृहात एका सिनेटरला कोणीही जागा दिली नाही, हे कळल्यावर सम्राटाने पहिली रांग सिनेटरांसाठी राखून ठेवली. सैनिकांना नागरिकांपासून वेगळे केले. किशोरवयीन मुलांना त्यांचा स्वतंत्र भाग आणि त्याच्या शेजारी त्यांच्या शिक्षकांचा भाग नेमून दिला. आणि गडद, मळकट कपडे घातलेल्या गरिबांना मधल्या भागात बसण्यास मनाई केली. सामान्य वर्गातील विवाहित पुरुषांना त्याने खास रांगा दिल्या. त्याच ऑगस्टसने इ.स.पू. १८ मध्ये विवाहाला उत्तेजन देणारे कायदे केले होते, आणि विवाहित पुरुषाला सार्वजनिक ठिकाणी मानाची जागा मिळणे हा त्या धोरणाचाच एक भाग होता.

परंतु या मानाच्या जागेत पत्नीचा वाटा नव्हता. पूर्वी ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे शस्त्रधारी द्वंद्वयोद्ध्यांच्या, लढती स्त्री-पुरुष एकत्र बसून पाहत असत. ऑगस्टसने स्त्रियांना त्या केवळ वरच्या भागातून पाहण्याची परवानगी ठेवली. याला मोठा अपवाद होता तो व्हेस्टल कुमारिकांचा, म्हणजे नगराचा पवित्र अग्नी अखंड तेवत ठेवण्यासाठी ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या पुजारिणींचा. त्यांना खाली, मानाच्या ठिकाणी स्वतंत्र जागा होती. याचा अर्थ असा की विवाह हे नागरिकाचे कर्तव्य मानणाऱ्या राज्यात अविवाहित पुजारिणी रिंगणाजवळ बसत आणि विवाहित गृहिणी रिंगणापासून सर्वाधिक दूर बसत. रथांच्या शर्यती जेथे होत त्या ‘सर्कस मॅक्सिमस’मध्ये मात्र स्त्री-पुरुष शेजारी बसत, आणि कवी ओव्हिडने प्रेमविषयक काव्यात ओळख वाढवण्याची उत्तम जागा म्हणून त्या ठिकाणाचाच निर्देश केला आहे.

ही व्यवस्था केवळ कागदावर नव्हती, याचे दोन पुरावे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला आहे ‘आर्व्हल बंधू’ या पुरोहितमंडळाचा शिलालेख. या मंडळाने आपली कामे संगमरवरावर कोरून ठेवली आहेत आणि इ.स. ८० च्या नोंदीत नव्या अँफिथिएटरमध्ये मंडळाच्या वाट्याला आलेल्या जागा कोणत्या मजल्यावर किती फूट आहेत, याचा हिशेब दिला आहे. त्यात खालच्या पायऱ्याही आहेत आणि माथ्यावरचा लाकडी भागही आहे. दुसरा पुरावा काव्यातला आहे. कल्पर्निअस सिक्युलस या कवीच्या एका गोपगीतात कॉरिडॉन नावाचा गुराखी रोममधील अँफिथिएटर पाहून गावी परततो. अंगावर साधे गडद कपडे असल्यामुळे त्याला स्त्रियांच्या आसनांजवळच्या उंच भागात जागा मिळालेली असते, आणि तेवढ्या अंतरावरून सम्राटाचा चेहराही त्याला नीट दिसलेला नसतो. गरीब माणूस आणि स्त्री यांना या रचनेने एकाच उंचीवर नेऊन ठेवले होते.

इ.स. ८० मध्ये टायटसने वास्तूचे उद्घाटन केले आणि खेळ १०० दिवस चालले. इतिहासकार डिओ कॅशियसने त्या प्रसंगी सुमारे ९,००० प्राणी मारले गेल्याचे लिहिले आहे. कवी मार्शलने या खेळांवर लिहिलेल्या कवितांपैकी एकीत प्रिस्कस आणि व्हेरस या दोन ग्लॅडिएटरांची लढत येते. दोघेही तुल्यबळ ठरले, अखेर दोघांनीही एकाच वेळी हार मानली आणि सम्राटाने दोघांनाही विजयी घोषित करून मुक्तीची खूण असलेली लाकडी तलवार दिली. ही हकीकत हृद्य आहे, पण तिचे स्मरण राहिले ते ती अपवाद होती म्हणून. डोमिशियनच्या काळात रिंगणाखाली बोळ आणि कोठड्यांचे दुमजली तळघर पूर्ण झाले. तेथे गुलाम हाताने चक्रे फिरवून पिंजरे वर उचलत आणि वाळूतील झडपा उघडून प्राणी एकाएकी प्रेक्षकांसमोर प्रकट होत.

दूरदूरच्या प्रदेशांतील वस्तू आणि जीव रोमकडे ओढले जाण्याचा हा काळ होता, आणि महाराष्ट्रही त्या व्यापाराच्या जाळ्यात होता. उद्घाटनाच्या एकच वर्ष आधी, इ.स. ७९ मध्ये, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मराठवाड्यातील तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेर म्हणजेच पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात उल्लेखलेले ‘तगर’. त्या काळी दक्खनची कारागिरी समुद्रापलीकडे जात होती. दक्खनचे प्रवासी हौसेने तेथे जाण्यास मात्र पुढे अनेक शतके लागली.

ग्लॅडिएटरांच्या लढती पाचव्या शतकात थांबल्या आणि प्राण्यांच्या शिकारीच्या खेळाची शेवटची नोंद इ.स. ५२३ ची आहे. त्यानंतर ही वास्तू निवाऱ्यासाठी, दुकानांसाठी आणि बाराव्या शतकात फ्रांजिपाने या सरदार घराण्याचा किल्ला म्हणून वापरली गेली. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली आणि तेव्हापासून कोलोसियम ही रोमची खाण झाली. तिचा दगड राजवाड्यांना आणि चर्चना गेला, तर चिरे जखडणारे लोखंडी आकडे लोकांनी दगड पोखरून काढून नेले. भिंतीवर आज सर्वत्र दिसणारी भोके ही त्या लोखंडाच्या शोधाची खूण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी हे स्थान ख्रिस्ताच्या यातनांच्या स्मरणार्थ पवित्र घोषित केले, आणि धर्माने दिलेल्या या संरक्षणामुळे दगडांची लूट थांबली.

संवर्धनाच्या इतिहासातील एक दुर्मिळ दृश्य पूर्वेकडच्या टोकाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या भूकंपाने तेथील बाहेरची भिंत कलली होती आणि कमानींतील दगड जागचे सरकले होते. पोप सातवे पायस यांच्या आज्ञेवरून राफाएले स्टर्न या वास्तुविशारदाने १८०७ च्या सुमारास तेथे विटांची भक्कम आधारभिंत बांधली आणि कमानी विटांनी बुजवल्या. मात्र निसटलेले दगड त्याने पुन्हा जागेवर बसवले नाहीत. त्यामुळे कमानीच्या माथ्यावरून खाली घसरलेला चावीचा दगड कोसळण्याच्या क्षणी थांबवल्यासारखा आजही तेथे अडकलेला दिसतो. पश्चिमेकडील आधार पुढे ज्युझेप्पे व्हॅलाडिए याने १८२६ पर्यंत पूर्ण केला. त्यात मूळ कमानींचे रूप विटांमध्ये पुन्हा घडवले आहे.

याच शतकात भग्नावशेष पाहण्यासाठी परदेशातून येणाऱ्यांची संख्या वाढली. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीचा दीर्घ प्रवास हा मुख्यतः उत्तर युरोपातील श्रीमंत तरुणांच्या शिक्षणाचा भाग होता आणि तो तरुण बहुधा शिक्षकासह येई. आता दांपत्ये येऊ लागली. कवी पर्सी शेली आणि त्याची लेखिका पत्नी मेरी शेली हे १८१८-१९ मध्ये रोमला आले आणि दोघांनीही कोलोसियमवर लिहिले. पर्सीच्या अपूर्ण राहिलेल्या कथेत एक तरुणी आपल्या अंध पित्याला ते अवशेष शब्दांनी दाखवते, तर मेरीच्या कथेत पुन्हा जिवंत झालेला एक प्राचीन रोमन माणूस त्या अवशेषांसमोर उभा राहतो. परंतु त्याच मुक्कामात, जून १८१९ मध्ये, त्यांचा तीन वर्षांचा मुलगा विल्यम तापाने मरण पावला आणि रोममध्येच त्याचे दफन झाले. चार्ल्स डिकन्स १८४५ मध्ये पत्नी कॅथरीनसह आला आणि पुढच्या वर्षी त्याने इटलीवर पुस्तक लिहिले. अमेरिकी कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न १८५८ मध्ये पत्नी सोफिया व मुलांसह आला. त्याची रोमवरची कादंबरी १८६० मध्ये निघाली, आणि सोफियानेही स्वतःच्या टिपणांचे पुस्तक १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या वास्तूने पत्नीला पतीपासून दूर बसवले होते, तिच्याकडे त्या दोघांनी बरोबरीने पाहिले आणि दोघांचेही पाहणे छापले गेले.

त्या काळचे कोलोसियम वनस्पतींनी भरलेले होते. रिचर्ड डीकिन या इंग्रज वैद्याने १८५५ मध्ये तेथील ४२० जातींची नोंद करणारा ग्रंथ काढला. चांदण्यात हे अवशेष पाहण्याची प्रथा प्रवाशांत रूढ होती, पण तिला ‘रोमन ताप’ म्हणजे मलेरियाचे भय जोडलेले होते, आणि हा ताप रात्रीच्या दूषित हवेमुळे येतो अशी समजूत होती. हॉथॉर्न दांपत्याची मुलगी ऊना या तापाने दीर्घकाळ आजारी होती. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस याने सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात मलेरियाचे परोपजीवी दाखवले आणि पुढच्याच वर्षी इटालियन शास्त्रज्ञ ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी मानवी मलेरिया ॲनोफिलिस डासामार्फत पसरतो हे सिद्ध केले. दरम्यान १८६४ मध्ये थॉमस कुकने इटलीच्या सामूहिक सहली सुरू केल्या होत्या आणि मध्यमवर्गीय जोडप्यांना रोमचा रस्ता मोकळा झाला होता. इटलीच्या एकीकरणानंतर १८७० च्या दशकात भिंतींवरची झाडेझुडपे काढून उत्खनन सुरू झाले आणि १९३० च्या दशकात तळघर पूर्णपणे उघडे पडले.

आज तळघरातही प्रवेश मिळतो आणि माथ्याकडचे चौथा व पाचवा हे मजले सुमारे ४० वर्षे बंद राहिल्यानंतर २०१७ मध्ये मार्गदर्शकासह पाहण्यासाठी उघडण्यात आले. येथे येणारे बहुतेक प्रवासी रिंगण पाहतात, ग्लॅडिएटरांच्या कथा ऐकतात आणि परततात. ज्या पती-पत्नींना एवढ्या लांबचा प्रवास घडतो, त्यांनी उत्तरेकडच्या कमानींवरील क्रमांक वाचावेत, पूर्वेकडचा घसरलेला चावीचा दगड पाहावा आणि शक्य असल्यास वरच्या मजल्यांवर अवश्य चढावे. तेथून खालचे रिंगण तळहाताएवढे दिसते, आणि इ.स. ८० मध्ये रोमच्या सामान्य गृहिणीला ते साधारण तेवढेच दिसत होते. तिचा पती तेव्हा बऱ्याच पायऱ्या खाली, दुसऱ्या जिन्याने येऊन बसलेला होता.